जणू, गमे, भासे : एका तक्त्याविरुद्ध

मराठीचे कोणतेही गाइड उघडा. अलंकारांच्या प्रकरणात एक तक्ता हमखास समोर येतो. डाव्या रकान्यात अलंकाराचे नाव, उजव्या रकान्यात तो ‘ओळखण्याची खूण’. सम, समान, सारखा, सदृश, परी दिसले की उपमा. जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे दिसले की उत्प्रेक्षा. ‘नव्हे’ आले की अपन्हुती. निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागली की चेतनगुणोक्ती. दहावीचा विद्यार्थी हा तक्ता पाठ करतो, स्पर्धा परीक्षेला बसणारा तो पुन्हा पाठ करतो, आणि त्यांच्यापैकी जो मराठी घेऊन एम. ए. होतो तो पुढे वर्गात उभा राहून तोच तक्ता फळ्यावर काढतो. या सगळ्या प्रवासात कुणालाही कविता वाचावी लागत नाही.

या तक्त्याचा बचाव नेहमी एकाच शब्दाने केला जातो : सुलभीकरण. अलंकारशास्त्र अवघड, मुले लहान, वेळ कमी, म्हणून सोपे करून सांगायचे. हा बचाव मला मान्य नाही. सुलभीकरणात मूळ वस्तू लहान होऊन का होईना, शिल्लक राहते. येथे ती शिल्लकच राहत नाही. ज्या शास्त्राचे नाव घेऊन आपण हा तक्ता शिकवतो, त्या शास्त्राने जे प्रश्न विचारले त्यांतला एकही प्रश्न तक्त्यात नाही. आणि तक्ता जी उत्तरे देतो ती शास्त्रानेच चुकीची ठरवलेली आहेत.

आधी चुकीचे पाहू. ‘तो परत आला आणि जणू काही घडलेच नाही असा जेवायला बसला.’ या वाक्यात ‘जणू’ आहे. उत्प्रेक्षा कोठे आहे? ‘मला वाटते, आज पाऊस येईल.’ येथे ‘वाटे’चे सख्खे भावंड आहे, अलंकार नाही. उलट ‘चुलीचा धूर कौलांतून निघाला आणि दिवसभराचा रोखलेला श्वास घराने सोडला’ या वाक्यात तक्त्यातला एकही शब्द नाही, तरी संभावना आहे. अशा वाचकशब्द नसलेल्या उत्प्रेक्षेला संस्कृत आलंकारिकांनी प्रतीयमाना किंवा गम्या उत्प्रेक्षा असे स्वतंत्र नाव देऊन ठेवले आहे. म्हणजे शब्दावरून अलंकार ओळखता येत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

दंडीचे उदाहरण तर या बाबतीत फार बोलके आहे. ‘काव्यादर्शा’च्या दुसऱ्या परिच्छेदात तो अंधाराचे वर्णन करणाऱ्या एका प्रसिद्ध श्लोकापाशी थांबतो. त्या श्लोकात ‘इव’ आहे. ‘इव’ म्हणजे ‘सारखा’. मग ही उपमा, असे काही लोक म्हणत होते. दंडी म्हणतो, नाही. हा ‘इव’ क्रियापदाला लागलेला आहे. क्रियापदाने सांगितलेली क्रिया उपमान होऊ शकत नाही. तुलना करायची तर दोन वस्तू हव्यात आणि दोहोंत राहणारा एक धर्म हवा. तो येथे दाखवता येत नाही, म्हणून ही उत्प्रेक्षा. एका अव्ययासाठी तो श्लोकामागून श्लोक खर्ची घालतो, प्रतिपक्षाला बोलू देतो, त्याचे एकेक म्हणणे खोडतो. हजारभर वर्षांपूर्वीपासून चालत आलेल्या या वादाचा वारसा आपण सांगतो आणि वर्गात ‘सारखा म्हणजे उपमा’ असे लिहून देतो. दंडीने ज्या प्रतिपक्षाला निरुत्तर केले, त्याच्याच हाती आपण फळा दिला आहे.

अलंकारांची नावे कशासाठी आहेत, हे समजायला एखादी साधी जोडी घेऊन पाहावे. आटलेली विहीर आणि डोळा. (मुख आणि चंद्र ही जोडी इतकी वापरली गेली आहे की तिच्यातून आता काहीच दिसत नाही.) ‘विहीर डोळ्यासारखी कोरडी पडली.’ दोन वस्तू वेगळ्या आहेत, कोरडेपणा दोहोंत आहे आणि बोलणाऱ्याचे भान शाबूत आहे. ही उपमा. ‘विहीर म्हणजे गावाचा डोळा.’ आता अंतर मिटले. पण एकदा असे म्हटले की कवीवर जबाबदारी येते. पापणी कोणती, पाणी कोणते, त्या डोळ्याने काय पाहिले, हे पुढच्या ओळींना निभवावे लागते. रूपक मध्येच सोडून देणारा कवी आणि शेवटपर्यंत नेणारा कवी यांतला फरक येथे कळतो. ‘विहीर जणू मेलेल्या गावाचा उघडाच राहिलेला डोळा.’ असा डोळा जगात कोठे नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे. तरी मन तिकडे ओढले जाते आहे. उत्प्रेक्षेतले हे ठाऊक असणे आणि ओढले जाणे एकाच वेळी चालू असते. ‘ही विहीर की डोळ्याची खोबण?’ येथे मन ठरतच नाही, हा ससंदेह. ‘ही विहीर नव्हे, खोबण आहे.’ ही अपन्हुती. पण ‘नव्हे’ कोणाला उद्देशून म्हटले आहे? कोणीतरी तिला विहीर म्हणत असले पाहिजे. सातबाऱ्यावर अजून तशी नोंद असेल. अपन्हुतीत नेहमी एक न दिसणारा प्रतिपक्ष असतो आणि त्याला शोधणे हे वाचकाचे काम असते. तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही.

आता शेवटचे वाक्य : ‘गावाचा डोळा आटला.’ विहीर हा शब्दच गेला. हा कोणता अलंकार, असे विचारले तर आपले विद्यार्थी बहुधा चेतनगुणोक्ती म्हणतील, आणि जरा वाचलेले विद्यार्थी म्हणतील की डोळा हे प्रतीक आहे. मम्मट याला अतिशयोक्ती म्हणेल. हे ऐकून वर्गात हसू येते, कारण अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणे एवढेच आपल्याला शिकवलेले असते. ‘काव्यप्रकाशा’त अतिशयोक्तीचे चार प्रकार आहेत. उपमानाने उपमेयाला गिळून टाकणे हा पहिला. त्याच वस्तूला ‘ही काही वेगळीच’ असे म्हणणे हा दुसरा. ‘जर असे असते तर’ अशी कल्पना हा तिसरा. आणि कारणाआधी कार्य घडल्याचे सांगणे हा चौथा. फुगवण्याचा अंश यांत कोठे कोठे आहे, पण मुख्य गोष्ट ती नाही. पहिल्या प्रकारासाठी वापरलेले ‘निगरण’ हे नावच पाहा. गिळणे. आधुनिक समीक्षा ज्याला प्रतीक म्हणते त्याच्या उंबऱ्यापर्यंत अकराव्या शतकातला हा काश्मिरी पंडित आलेला आहे, आणि ‘प्रतीक’ या शब्दात नसलेली एक सूचना तो देतो : गिळले गेले आहे ते काय, आणि ते का बोलले गेले नाही, हे विचारा. विहिरीचे नाव का घेता आले नाही?

अप्पय्य दीक्षिताने ‘चित्रमीमांसे’त म्हटले आहे की उपमा ही एकच नटी आहे आणि काव्याच्या रंगमंचावर ती निरनिराळ्या भूमिका घेऊन नाचते. मला हे रूपक शिकवण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. नटी एक आहे, म्हणून भूमिका बदलली की काय बदलले हे पाहता येते. आपण मात्र प्रत्येक भूमिकेचे वेगळे ओळखपत्र छापले आणि नाटक पाहणे बंद केले. याच दीक्षितांचा ‘कुवलयानंद’ हा ग्रंथ शंभरांहून अधिक अलंकारांची लक्षणे देतो. जयदेवाच्या ‘चंद्रालोका’वर आधारलेल्या त्याच्या कारिकांत बहुधा पूर्वार्धात लक्षण आणि उत्तरार्धात उदाहरण अशी बेतलेली मांडणी आहे. खरे सांगायचे तर आपल्या गाइडांचा तो पूर्वज आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार होते. चारांचे शंभर होताना काही वाढले ते सूक्ष्मपणामुळे, काही निव्वळ हौसेने. तेव्हा मोजणीचा सोस केवळ क्लासवाल्यांचा आहे असे मी म्हणणार नाही. फरक इतकाच की ‘कुवलयानंद’ पाठ करणाऱ्या मुलाला पुढे ‘रसगंगाधर’ भेटत असे, आणि तेथे जगन्नाथ पंडित दीक्षितांची लक्षणे एकेक करून फोडत असे. आपल्या मुलाला पुढे भेटते ते दुसरे गाइड.

एक प्रत्यक्ष उदाहरण घ्यावे. तुकोबांचा लहानपण मागणारा अभंग दृष्टांत अलंकाराखाली देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मुंगीला साखर मिळते, ऐरावताला अंकुश सोसावा लागतो. म्हणून दृष्टांत, एक गुण. आता शास्त्रालाच विचारू. दृष्टांतात दोन वाक्ये बिंब आणि प्रतिबिंब यांसारखी समोरासमोर हवीत. सामान्य विधानाला विशेषाने किंवा विशेषाला सामान्याने आधार दिला असेल तर तो अर्थांतरन्यास. अभंगात समर्थन मिळाले आहे ते लहानपणाच्या थोरवीला, म्हणजे एका सामान्य गोष्टीला; आणि ते देणारी मुंगी व हत्ती ही विशेष उदाहरणे आहेत. मग हा अर्थांतरन्यास का नाही? दुसऱ्या बाजूने कोणी म्हणेल की मागणारा ‘मी’ स्वतः विशेष आहे, तेव्हा दृष्टांतच बरोबर. तिसरा म्हणेल की मुळात येथे विधान नाहीच, मागणे आहे. मागण्याला समर्थन कशाला लागते? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. देवाकडे लहानपण मागताना तुकोबा कारणे देतात. कोणाला? देवाला कारणे द्यावी लागत नाहीत. ऐकणाऱ्या माणसांना द्यावी लागतात, कारण त्या माणसांच्या जगात मोठेपणाला भाव आहे. आणि ज्याला जन्माने लहान ठरवले गेले आहे तो जेव्हा लहानपण मागतो, तेव्हा ती नम्रता की मोठ्यांना दाखवलेला अंकुश? संज्ञेवर नेटाने वाद घातला की आपण येथवर येऊन पोचतो. एका शब्दाच्या उत्तराने आपण दारातच थांबतो.

चेतनगुणोक्तीबद्दल फार लिहीत नाही. हे नाव भरतापासून जगन्नाथापर्यंत कोणाच्या यादीत नाही. इंग्रजी व्याकरणग्रंथांतल्या एका अलंकाराला आपण दिलेले ते मराठी नाव आहे. त्यात गैर काही नाही, संज्ञा उसन्या घेता येतात. पण अचेतनावर चेतनाचा व्यवहार लादण्याचा विचार आपल्याकडे झाला नव्हता असे नाही. दंडीने तो समाधी या गुणात केला, कुंतकाने उपचारवक्रतेत केला. कुंतकाचा प्रश्न असा की हा आरोप कोणत्या सूक्ष्म साम्याच्या आधारावर उभा आहे. ‘झाडे डोलू लागली’ आणि ‘झाडांनी माना फिरवल्या’ या दोहोंना चेतनगुणोक्ती म्हणून समान गुण देणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही. पहिल्या वाक्यात भाषेची सवय बोलते आहे. दुसऱ्यात झाडांनी कोणाला तरी नाकारले आहे.

वृत्तांची कथा वेगळी नाही. ‘यमाताराजभानसलगं’ घोकून मुले गण पाडतात. मंदाक्रांता म्हटले की म भ न त त ग ग, अक्षरे सतरा, उत्तर पूर्ण. आता हे वृत्त कानाने ऐका. सुरुवातीला चार गुरू : पाऊल जड, रेंगाळणारे. तेथे यती. मग पाच लघू एकामागोमाग धावतात आणि एका गुरूवर टेकतात. पुन्हा यती. मग सात अक्षरांची हेलकावे घेत उतरणारी चाल. रेंगाळणे, धावणे, उतरणे. कालिदासाने अवघे ‘मेघदूत’ या चालीवर का पेलले ते यावरून उमगते. गंमत अशी की ही चाल गणांच्या चौकटीत दिसतच नाही. पहिली यती चौथ्या अक्षरावर आहे आणि गण तिसऱ्यावर संपतो. दुसरी यती दहाव्यावर आहे आणि गण नवव्यावर संपतो. दोन्ही वेळा यती गणाच्या पोटात पडते. म्हणजे गण पाडताना विद्यार्थी वृत्त नेमके जेथे श्वास घेते तेथेच ते चुकीचे तोडतो, आणि त्यालाच आपण पूर्ण गुण देतो. माधव जूलियनांनी १९२७ साली ‘छंदोरचना’ प्रसिद्ध केली आणि पुढे दहा वर्षे खपून १९३७ मध्ये ती नव्याने वाढवून काढली. त्या ग्रंथाचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना लेखक-ग्रंथ जोड्या जुळवण्यापुरते ठाऊक असते.

येथपर्यंतचे वाचून काही सहकारी म्हणतील की हा सगळा जुना माल आहे. अलंकार, वृत्ते हा शालेय भाग झाला, आम्ही महाविद्यालयात आधुनिक समीक्षेच्या परिभाषेत शिकवतो. या भूमिकेविषयीही मला तक्रार आहे, आणि ती अधिक तीव्र आहे. परिभाषा बदलली, तक्ता गेला नाही. पूर्वी ‘उपमा आहे’ एवढे लिहून थांबत, आता ‘प्रतिमा आहे’ एवढे लिहून थांबतात. चर्चासत्रांतले निबंध वाचावेत. प्रत्येक कवीची ‘प्रतिमासृष्टी’ समृद्ध असते, त्याची ‘प्रतीके’ आशयघन असतात, तो ‘मिथकांची पुनर्मांडणी’ करतो. कवीचे नाव बदलून हीच वाक्ये दुसऱ्या निबंधात घातली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, अपन्हुती, व्यतिरेक हे सगळे ‘प्रतिमा’ या एका पोत्यात भरल्यामुळे भेद करण्याची जी थोडीफार शक्ती विद्यार्थ्यात होती तीही गेली. मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ हा शब्द घडवला तेव्हा त्यांना एक नेमकी गोष्ट सांगायची होती : दोन वस्तू दिसायला सारख्या नसतील, पण त्यांनी जागणाऱ्या भावना समतान असू शकतात, आणि नव्या कवितेचे सादृश्य तेथे शोधावे लागते. उपमेच्या साधारण धर्माविषयीचा तो एक गंभीर प्रस्ताव होता. तो अलंकारविचाराशी भिडवून पाहावा, मम्मटाचे साधर्म्य आणि मर्ढेकरांची समतानता यांची तुलना करावी, असे कोणाला वाटत नाही. ‘भावनानिष्ठ समतानता ही संकल्पना कोणी मांडली?’ एवढा प्रश्न काढून आपण मोकळे होतो.

आणखी एक आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. अलंकारशास्त्र दरबारात वाढले. त्याची उपमाने कमळे, चंद्र, हत्ती, राजहंस. ज्यांना त्या दरबारात प्रवेशच नव्हता त्यांच्या कवितेला ही मोजपट्टी का लावायची? दलित साहित्याच्या समीक्षेने हा प्रश्न विचारला आणि तो योग्यच होता. पण उपमानांचा साठा आणि उपमेची रीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बहिणाबाई मनाला उभ्या पिकात शिरणारे ढोर म्हणतात. अलंकार रूपक आहे, हे खरेच. आणि ते म्हटल्यावर वाचन सुरू व्हायला हवे. ढोर म्हटले की हाकणारे कोणीतरी आले, पुन्हा पुन्हा हाकणे आले, दमणे आले, पिकाची धास्ती आली. मन आवरण्याचा सारा अनुभव शेत राखणाऱ्या बाईच्या अंगातून आलेला आहे. पुढे तेच मन पाखरू होते, तेव्हा पहिले रूपक पुरले नाही हे कवयित्रीनेच सांगितलेले असते : ढोराला निदान काठी लागते, पाखराच्या मागे कोण धावणार? शास्त्रातल्या मालारूपकाची चर्चा हाताशी असेल तर हा बदल नजरेत भरतो. ढसाळांची ‘गोलपिठा’तली कविता ‘अलंकारविरहित’ आहे असे जे सरसकट लिहिले जाते, ते लिहिणाऱ्याला तेथला अलंकार ओळखता आला नाही म्हणून. त्याच्या तक्त्यात तो शब्द नव्हता.

अलंकार म्हणजे दागिना, तो घातला काय आणि न घातला काय, हा समजही यातूनच पोसला गेला. मम्मटाने काव्याच्या लक्षणात क्वचित अलंकार स्फुट नसला तरी चालेल अशी सवलत ठेवली, तेव्हा जयदेव चिडून म्हणाला की मग अग्नीही उष्णतेवाचून का मानू नये. दोघांचा वाद बाजूला ठेवला तरी आनंदवर्धनाने नवव्या शतकातच याचे उत्तर देऊन ठेवले होते. रसात गुंतलेल्या कवीला ज्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही तो अलंकार. त्याची संज्ञा ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’. असे अलंकार ‘मी आधी, मी आधी’ करीत कवीकडे धावत येतात आणि रसाच्या अभिव्यक्तीत ते बाहेरचे राहत नाहीत, असे तो म्हणतो. यमकासारख्या मुद्दाम जुळवाव्या लागणाऱ्या अलंकाराला मात्र तो यातून वगळतो. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत एका विचारासाठी पाच-पाच, सहा-सहा उपमानांच्या माळा ज्या आवेगाने येतात, त्यांचे याहून चांगले वर्णन मला ठाऊक नाही. त्या माळेतले एक उपमान काढून पाहावे. विचाराचा तेवढा भाग दिसेनासा होतो.

मग हे सारे असताना तक्ता का टिकतो? कारण तो तपासायला सोपा आहे. जून २०१२ पासून ‘नेट’ परीक्षेचा तिसरा पेपरही वस्तुनिष्ठ झाला. त्याआधी उमेदवाराला निदान एका पेपरात सलग लिहावे लागे. आता कवितेविषयी स्वतःचे एक वाक्यही न लिहिता मराठीच्या अध्यापकाची ही पात्रता मिळवता येते. चार पर्यायांतून अलंकाराचे नाव निवडणारा, ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या जोड्या लावणारा, संज्ञांचा कालानुक्रम सांगणारा उमेदवार पात्र ठरतो, आणि तोच उद्या वर्गात कविता शिकवतो. तो मेहनती असतो, बहुधा फार मेहनती. त्याची मेहनत जेथे लावायला आपण सांगितले तेथेच त्याने ती लावलेली असते.

यावर ‘पण वस्तुनिष्ठता हवीच’ असे उत्तर येते. हवी असेल, पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या प्रश्नपत्रिका तरी आपल्याच हाती आहेत. ‘पुढील ओळीतील अलंकार ओळखा’ हा प्रश्न काढून टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याऐवजी अलंकाराचे नाव प्रश्नातच देऊन टाकावे. ‘पुढील ओळीत उत्प्रेक्षा आहे. ‘जणू’ काढून त्या जागी रूपक करा आणि अर्थात काय बदलले ते आठ-दहा ओळींत लिहा.’ किंवा : ‘या अभंगात दृष्टांत आहे असे मानतात. तो अर्थांतरन्यास आहे असा पक्ष मांडा.’ अशा प्रश्नाला गाइडमध्ये उत्तर असणार नाही, निदान पहिली दोन वर्षे. नमुना उत्तर देता येणार नाही, दोन परीक्षकांचे गुण जुळणार नाहीत, फेरतपासणीचे अर्ज येतील, हेही खरे आहे. तपासणाऱ्याला प्रत्येक उत्तर वाचावे लागेल आणि त्याआधी ती ओळ स्वतः वाचावी लागेल. पाच गुणांचा असा एक प्रश्न पुढच्या सत्रापासून घालावा, एवढाच प्रस्ताव आहे. अभ्यासक्रम त्यासाठी बदलावा लागत नाही.